आधी सांग, मग चहा

आई गेली असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "पुन्हा एकदा बघा." तरुण डॉक्टर होते बिचारे. त्यांना राग आला नाही. त्यांनी पुन्हा नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मी दुःखाने वेडी झाले असं वाटलं असणार. पण तसं नव्हतं. आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. कुणी काही सांगितलं की ते तसंच्या तसं मानायचं नाही, हे तिच्याबरोबर तीस वर्षं राहून माझ्याही अंगात मुरलं होतं.

नंतर भेटायला आलेली माणसं म्हणत होती, "फार भोळी होती हो बाई." मी ऐकून घेत होते. माझी आई भोळी कधीच नव्हती. दूधवाला, रॉकेलवाला, मतं मागायला येणारे, नवस बोला म्हणणाऱ्या बायका, सगळ्यांकडे ती एकाच नजरेने बघायची : हा माणूस काय लपवतोय? अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात ती कामाला होती. इंजेक्शनच्या भरलेल्या काचेच्या नळ्या तिच्यासमोर यायच्या. मागे काळा पडदा, वर ट्यूबलाइट. नळी उचलायची, उलटी करायची आणि आतल्या पाण्यासारख्या औषधात एखादा कण, एखादा धागा तरंगतोय का ते बघायचं. दिसला की नळी बाजूला. दिवसभर हेच. तिची सुपरवायझर म्हणायची की सावंतबाईंच्या हातून सुटलेला कण देवालाही सापडायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, या कामामुळेच आई अशी झाली. ते खरं नव्हतं, पण हे मला कळलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि आम्ही दोघी एका पंचतारांकित हॉटेलात चहा प्यायला बसलो होतो.

त्र्याऐंशी साल असेल. बाबा मी सात वर्षांची असताना गेले, त्यांच्या कारखान्यात अपघात झाला होता. तेव्हापासून मरोळच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी चकाल्याला एका ऑफिसात टायपिस्ट होते. आईला तिचा वाढदिवस माहीत नव्हता. गावी कुणी लिहून ठेवला नव्हता. कारखान्याच्या कार्डावर मात्र एक तारीख होती आणि त्या तारखेप्रमाणे तिला पन्नासावं लागत होतं. मी म्हटलं, "आई, रविवारी मी तुला चहाला नेणार आहे. विमानतळाजवळच्या मोठ्या हॉटेलात."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"कशाला?"

"तुझा वाढदिवस म्हणून."

"ती तारीख कारखान्यातल्या क्लार्कने टाकलेली आहे. त्याचा वाढदिवस असेल तो."

"असू दे ना. चहा पिऊ, बसू जरा."

"कोण येणार आहे तिथे?"

"कोणी नाही गं. तू आणि मी."

"मुलगा काय करतो?"

मी हसले. ती हसली नाही. रविवारपर्यंत तिने हा प्रश्न निरनिराळ्या वाटांनी विचारला. माझी पर्स एकदा जागची हललेली दिसली. माझी मैत्रीण फिलोमिना घरी आली होती, तिला आईने सरबत दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला माहीत असेलच ना?" फिलो घाबरून माझ्याकडे बघायला लागली. कारण फिलोला खरंच माहीत होतं... मुलगाबिलगा काही नव्हता, पण मी आईपासून एक गोष्ट लपवली होती, हे खरंच होतं. आईने माणूस चुकीचा धरला होता, पण वास बरोबर घेतला होता.

गोष्ट अशी की त्या हॉटेलात मी आधी एकदा जाऊन आले होते. मस्कतच्या एका कंपनीला टायपिस्ट मुली हव्या होत्या, आणि त्यांच्या इथल्या एजंटाने त्या हॉटेलातल्या एका खोलीत मुलाखती ठेवल्या होत्या. फिलो आणि मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेलो. आम्ही दोघीही निवडल्या गेलो. दोन वर्षांचा करार, राहायला जागा. बाहेर पडताना खालच्या हॉलमध्ये मी बघितलं, मोठमोठ्या काचांजवळ माणसं बसून चहा पीत होती, टेबलावर तीन मजली ताटल्या, आणि कोपऱ्यात एक माणूस पियानो वाजवत होता. मी तिथेच ठरवलं, आईला इथे आणायचं, तिला सुखाचा एक चहा पाजायचा आणि मग मस्कतचं सांगायचं. चांगल्या ठिकाणी सांगितलेली गोष्ट चांगली वाटते, असा माझा बावीस वर्षांचा हिशेब.

रविवारी आईने जांभळी रेशमी साडी नेसली. मुलगा निघालाच तर त्याच्यासमोर आपण कमी दिसायला नको, हा विचार असावा. हॉटेलच्या दारात फेटेवाल्या दरवानाने तिला सलाम केला, तेव्हा तिने मागे वळून बघितलं, आपल्यामागे कोण आलंय म्हणून. आत थंडगार हवा आणि पायाखाली गालिचा. बसल्या बसल्या तिने सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. एकटा बसलेला एक तरुण चष्मेवाला तिला सापडला आणि ती त्याला निरखू लागली. थोड्या वेळाने त्याची बायको आणि मूल आलं, तेव्हा कुठे तिने नजर काढली.

वेटरने पाण्याचे ग्लास ठेवले. आईने ग्लास उचलला, काचेकडे, उजेडासमोर धरला आणि हळूच फिरवला. सवयच ती. वेटरने ते बघितलं, त्याचा चेहरा उतरला आणि "सॉरी मॅडम" म्हणत तो ग्लास घेऊन गेला आणि दुसरा घेऊन आला. आईने तोही उजेडासमोर धरला. मला लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं.

मग चहा आला. किटली वेगळी, दूध वेगळं, साखरेचे चौकोनी खडे आणि ते उचलायला चिमटा. तीन मजली ताटल्यांत काकडीची सँडविचं, क्रीमचे केक, लिंबाएवढे समोसे. आईने एका सँडविचचा वरचा पाव उचलून आत बघितलं आणि परत ठेवला. मी तिच्या कपात चहा ओतला, दूध घातलं, दोन खडे टाकले, ढवळलं. "घे," मी म्हटलं, "आधी चहा घे."

तिने कप माझ्या बाजूला सरकवला.

तिचा चेहरा एकदम बदलला होता. आजवर त्या चेहऱ्यावर मी संशय खूपदा बघितला होता. ही भीती होती. घरी आम्ही साधं मराठी बोलायचो, पण फार घाबरली किंवा फार चिडली की आई मालवणीत जायची. ती खालच्या आवाजात म्हणाली, "कोण गेलो तां आधी सांग."

"काय?"

"कोण गेलो? मामा गेलो? माका खरा सांग. मगे चाय."

"आई, कोणी गेलं नाही. असं काय करतेस?"

ती बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिली. खात्री पटली असावी, कारण तिने श्वास सोडला. मग तिने मला ते सांगितलं, जे तोपर्यंत कधीच सांगितलं नव्हतं. बाबा गेले त्या दुपारी त्यांच्या खात्यातले दोघे घरी आले. म्हणाले, वहिनी, जरा चला, किरकोळ लागलंय. हॉस्पिटलपर्यंत नेलं, पण आत न नेता समोरच्या हॉटेलात बसवलं. स्पेशल चहा मागवला, मस्कापाव मागवला. घ्या वहिनी, आधी चहा घ्या, लांबून आलात. माणसं चांगली होती ती, आई म्हणाली, त्यांना धीर होत नव्हता. आणि तिने तो चहा घेतला. सगळा. पाव बुडवून खाल्ला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. कप रिकामा झाला आणि मग त्यांनी तिला सांगितलं. बाबांना जाऊन तोवर दोन तास झाले होते.

"बरी लागली गो ती चाय," आई म्हणाली. "तुझो बापूस थंय निजलेलो, आणि माका ती चाय बरी लागली."

पियानो चालूच होता... मी मघाशी, नकळत, त्या दोघांचेच शब्द उच्चारले होते. आणि खरं सांगायचं तर मीही तेच करायला निघाले होते. आधी गोड, मग बातमी. मला स्वतःचीच चीड आली. मी पर्समधून करारपत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि काहीही गोड न लावता मस्कतचं सगळं सांगून टाकलं.

तिने कागद वाचला. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं, पण मजकुरापेक्षा ती कागद, एजंटाचा शिक्का, पत्ता, सही बघत होती. मग घडी घालून मला परत दिला. "म्हणजे मेलं कोणी नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बरं." तिने कप पुन्हा स्वतःकडे ओढला. चहा निवला होता. तो तिने संपवला, नंतर दुसरा गरम ओतून घेतला, आणि तिन्ही ताटल्या आम्ही दोघींनी मिळून फस्त केल्या. निघताना तिने दरवानाला उलट नमस्कार केला. मला वाटलं, जमलं.

चार दिवसांनी ती कामावरून लवकर घरी आली. चपला काढता काढता म्हणाली, "मी जाऊन आले तुझ्या त्या एजंटाकडे. स्टेशनजवळ ऑफिस आहे म्हणे. खोटा माणूस आहे. त्या नावाची कंपनीच नाही तिथे. पासपोर्ट देऊ नकोस."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. कसा नाही ठेवणार? या बाईच्या नजरेतून केसाएवढा धागा सुटत नव्हता. मी पासपोर्ट दिला नाही. फिलोलाही सगळं सांगितलं, पण तिने ऐकलं नाही. ती गेली.

आणि तिची पत्रं येऊ लागली. ऑफिस चांगलं आहे, मुली चांगल्या आहेत, शुक्रवारी समुद्रावर जातो. खजुराच्या झाडाखाली गॉगल लावून काढलेला फोटो आला. आई विचारायची, "काय लिहिते?" मी म्हणायचे, "बरी आहे." आई म्हणायची, "खरं?" मी म्हणायचे, "हो." याच्यापुढे बोलणं आम्ही दोघीही नेत नव्हतो. दोन वर्षांनी फिलो सुट्टीवर आली, घरी आली, आईसाठी दूध पावडरचा डबा घेऊन आली. आईने डब्याचं सील तपासलं, तो फडताळात ठेवला आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकाला लागली.

त्या दिवसापासून संशय माझ्या मनात राहायला आला. आई खरंच त्या ऑफिसात गेली होती? तिथे तिने काय बघितलं? मी विचारू शकले असते. पण उत्तर मिळालं असतं तर ते घेऊन मला त्याच दोन खोल्यांत राहायचं होतं. ती जेवायला वाढायची, मी जेवायचे, आणि मान वर केली की ती माझ्याकडेच बघत असायची. आपण काय लपवतोय हे समोरचीला कळलंय का, हे दोघीही तपासत होतो. अशी सहा वर्षं गेली. भांडण कधी झालं नाही.

या वर्षी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. मुलुंडच्या हॉस्पिटलात शेवटचे तीन आठवडे मी तिच्याजवळ होते. औषधाची गोळी दिली की ती आधी नर्सकडे बघायची, मग गोळीकडे. खाणं जवळजवळ बंद झालं होतं. जाण्याच्या आठेक दिवस आधी, दुपारी, वॉर्ड शांत असताना ती अचानक म्हणाली, "त्या माणसाचं ऑफिस होतं."

मला लगेच कळलं कोणत्या माणसाचं ते.

"स्वच्छ होतं. भिंतीवर लायसन लावलेलं. त्याने मला खुर्ची दिली, सगळे कागद दाखवले. आधी गेलेल्या मुलींची पत्रं दाखवली. मी दोन तास बसून शोधलं गो... काही सापडलं नाही."

"मग?"

"मग काय? जिना उतरले, घरी आले आणि तुला खोटं सांगितलं."

मी तिच्या पांघरुणाची कड सरळ करत राहिले. का केलंस, असं मी विचारलं नाही, तरी तिनेच सांगितलं. "जिन्यात मला दिसलं. तुला विमानात बसवून मी परत येतेय, आणि घराचं कुलूप मलाच काढायचंय." एवढंच. रडली नाही. माफी मागितली नाही.

मग तिने विचारलं, "रागावलीस?"

"नाही गं आई."

तिने मान वळवली. डोळे सुजले होते, पण नजर तीच, नळीतला कण शोधणारी. "खरा सांग."

आजारी माणसाला काय सांगायचं असतं ते सगळं मला माहीत होतं. मी म्हटलं, "हो. रागावले आहे. सहा वर्षं झाली."

"मगे बरा," आई म्हणाली, आणि खरंच तिचा चेहरा सैल झाला. मग तिने विचारलं, खायला काय आणलंयस. मी घरून पेज आणली होती, थोडं मीठ घालून. आठवड्याभरात पहिल्यांदाच तिने अख्खी वाटी संपवली. प्रत्येक चमचा मी भरवला, आणि एकदाही, आत काय आहे, असं तिने विचारलं नाही.