भज्यांचे पारखी

दोन वेळा माझं पोट भरतंय ते आमच्या अडतीवरच्या मापाऱ्यांमुळे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. शाळा अर्धी टाकून मी साताऱ्याकडून अमरावतीला आलो, तेव्हापासून मालकांच्याच पंगतीला जेवतो. बाजारचं खाणाऱ्याला त्या पंगतीत जागा नाही.

कापसाला भाव आल्यापासून इथे गाडीवानसुद्धा जिलबी खातात. मापारीकाका मात्र बाजारचं खात नाहीत, ते तपासतात. भजीवाल्या म्हातारीच्या कढईपाशी उभे राहून रोज विचारतात, "बुढे, कच्चं तं नाई तळून राहिली?" मग एक भजं तोंडात टाकतात, मान हलवतात आणि खात्री पटेना म्हणून दुसरं घेतात. तेलाचे हात धोतराला पुसत आम्हाला सांगतात, "बाजारचं खाऊ नोका रे, पोट बिघडते."

परवा मला राहवलं नाही. मिरचीच्या भज्यांचा द्रोण हातात घेतला, तर समोर मालक.

"कोनाचा हाय हा द्रोण?"

काका कढईपाशीच होते. त्यांनी द्रोण माझ्या हातातून ओढला. "माहा हाय, मालक. याले धराले देल्ला होता. वैद्यानं सांगतलं, वायूवर तिखट खा."

मालक बघत राहिले, म्हणून काकांना खावं लागलं. मालक गेले तरी ते खातच होते. मला चुराही मिळाला नाही.

हे उपकार मी फेडणार. कधीतरी काकांच्या हाती द्रोण असताना कडक सोवळं पाळणाऱ्या आमच्या काकू समोर येतील. तेव्हा तो मी माझा म्हणून ओढीन आणि दोघांच्यादेखत शेवटच्या भज्यापर्यंत खाईन.