खेकड्याचं पाळण्यातलं नाव

लग्न होऊन मी भाईंदरला आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांना खेटून खेकड्यांच्या बाटल्या होत्या. मी देशावरची, शाकाहारी घरातली. पहिल्या दिवशी फळीकडे पाठ करून भाकऱ्या थापल्या. हे मिठागराच्या कचेरीत नोकरीला होते, पण जीव सगळा खाडीत. ओहोटी लागली की धोतर खोचून तिवरांच्या झाडीतल्या चिखलात उतरायचे आणि काहीतरी वळवळणारं घेऊन यायचे. शेजारची कोळीण मावशी एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, ह्यो खायाचा न्हाय, इकायचा न्हाय, मंग बाटलीत कशाला भरताय?" मी म्हटलं, "बारशाला आणलाय." ती पोट धरून हसली. त्या आठवड्यात कुणाशी धड बोलले असेन तर तेवढंच.

घर वस्तीच्या टोकाला होतं. पुढे मिठाचे ढीग, मागे खाडी, आणि दिवसभर वारा. हे कचेरीतून आले की बाटल्यांपुढे बसत. जेवताना "मीठ" म्हणत, नाहीतर "अगं". अगं हेच माझं नाव झालं होतं. तसं लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीनं एक नवं नाव लिहिलं होतं. ते कुणी निवडलं, मला आजतागायत ठाऊक नाही. ते घ्यायचं कुणी? नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती, सासूबाई गावाहून आल्या की सूनबाई म्हणत, आणि मावशीची मी बाय.

जुनं नाव घेणारी एकटी आई उरली होती. भावंडांची मी ताई. आई मागच्या दारातून हाक मारायची ती शेवटचं अक्षर लांबवून, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचेल अशी. विलायतेत लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती गेली. दिवस उरकून परत आले, चूल पेटवायला बसले, आणि एकदम ध्यानात आलं की आता मला त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही. आईसाठी रडले होतेच. हे मात्र निराळं होतं, याची भीती वाटली. असली भीती सांगायची कुणाला? यांना सांगितली असती तर म्हणाले असते, झोप येत नाही का?

माझं अक्षर बरं होतं, म्हणून बाटल्यांत घालायच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं, कारण तेवढा वेळ हे बोलायचे. एरवी तोंडात गुळणी धरल्यासारखा बसणारा माणूस तेव्हा खुलायचा. सगळ्या जिवांचे आधी मोठे वर्ग, त्यात गण, त्यात कुळं, असं उतरत उतरत शेवटी प्रत्येकाला लॅटिनमधली दोन नावं. पहिलं घराण्याचं, दुसरं त्याचं स्वतःचं. "म्हणजे यांच्यात आडनाव आधी," मी म्हणायची. "थट्टा करू नकोस," हे म्हणायचे, पण हसायचे.

एकदा हे मुंबईला एका प्राध्यापकांना बाटल्या दाखवायला गेले आणि घाईघाईनं परतले. एका बाजूची नांगी भलीमोठी असलेले जे बारके खेकडे, त्यांतल्या काहींना जाणत्या लोकांनी आता दुसऱ्या घराण्यात घातलं होतं. चिठ्ठ्या बदलायच्या. मी कागद कापले, दौत घेतली आणि विचारलं, "दोन्ही नावं नवी सांगा."

"छे! फक्त पहिलं बदलायचं. दुसऱ्याला हात लावायचा नाही."

"का?"

"अगं, घर बदललं म्हणून त्याचं स्वतःचं नाव का बदलेल? ज्यानं पहिल्यांदा ठेवलं त्याचा तो मान. नंतर कुणी कितीही चांगलं ठेवलं तरी चालत नाही. जगभर तसाच नियम आहे."

मी टाक खाली ठेवला. इतका राग मला त्या घरात कधी आला नव्हता.

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"माझंही घरच बदललं ना?"

यांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "तुझं आधीचं नाव काय होतं गं?"

लग्नपत्रिकेत छापलं होतं ते! चिखलातल्या किड्यांची कुळंच्या कुळं पाठ, आणि हे विचारावं लागत होतं. मी सांगितलं. त्यांनी एकदा जपून उच्चारून पाहिलं, लॅटिन शब्द उच्चारायचे तसं. मग आम्ही दोघांनी उरलेल्या चिठ्ठ्या लिहिल्या.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपार कलताना, मी ओसरीत तांदूळ निवडत होते. कुंपणापलीकडून कुणीतरी एका मुलीला हाका मारत होतं. वारा मिठागराकडून होता, आवाज नीट कळेना. पुन्हा हाक आली, पुन्हा आली. मला वाटलं, कुणाची लेक आहे कोण जाणे, ओ का देत नाही? मी खडे वेचत राहिले. मग "अगं" ऐकलं आणि उठले.

दारात हे उभे होते, पोटऱ्यांपर्यंत चिखल, चेहरा पडलेला. "आवडत नसेल तर राहू दे," म्हणाले.

तेव्हा कुठे मला कळलं, त्या हाका मलाच होत्या. आवडतं हो, पुन्हा मारा, एकदाच मारा, असं सगळं म्हणायचं होतं. पण "पाय धुवा," एवढंच म्हटलं आणि पाणी काढून दिलं.

त्यांनी पुन्हा कधी ते नाव घेतलं नाही.