मिनाज आणि मिरचीचे हात

मिनाजबद्दल लिहायला मी योग्य माणूस नव्हे. ती आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिली ती जेमतेम सव्वा महिना, आणि त्यातही मी तिच्याशी फार बोललो नाही. तिच्या शास्त्रातलं मला जेवढं कळलं तेवढंच लिहितो. चुकलं तर दोष माझा.

ती भूम गावची. तिची आई फातिमाबी आठवडी बाजारात मिरची विकते. दिवसभर मिरचीत हात घालूनही आईच्या हातांची आग कशी होत नाही, हे मिनाजला शाळेत असल्यापासूनचं कोडं. त्यापायी ती बंगळुरूला गेली आणि वेदनेवर संशोधन करू लागली. कातडीतल्या नसांना एक दार असतं, असं ती सांगायची. मिरची आणि चटका दोन्ही त्याच दारानं आत येतात. रोज रोज ठोठावलं तर ते दार थकत असावं, हा तिचा अंदाज. तो तपासायला ती आमच्या तामलवाडीला आली, कारण इथल्या मसाल्याच्या कारखान्यात चाळीस बाया वर्षानुवर्षं मिरचीचे देठ खुडतात.

आमच्या ओट्यावर ती एकेकीला बसवायची, बोटांना गरम पट्टी लावायची आणि विचारायची, "मावशी, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. सांगा, किती?"

सगळ्या नऊ, नाहीतर दहा म्हणायच्या. तेही पान चघळत, शांतपणे.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या सरांचा फोन आला. अंदाजच चुकला असेल तर गुंडाळून परत ये, असं ते म्हणाले. तीन वर्षांचं काम होतं. त्या दिवशी तिनं चहा अर्धा तसाच ठेवला.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती. नळावर त्या बायांतली कडूबाई बाकीच्यांना बजावत होती, ते मी ऐकलं होतं. "पोरगी येवढ्या लांबनं आलीया. शून्य सांगून रिकाम्या हातानं परत लावायची व्हय लेकीला? दुखत न्हाय तर न्हाय दुखत, पण आकडा चांगला सांगा."

बायांची चुगली कशी करावी, या विचारात माझे दोन दिवस गेले. शेवटी माझ्या बायकोनं, कमलबाईनं, मला त्यातून बाहेर काढलं. "सांगा की. ती काय खाती का तुम्हाला?"

मी अडखळत सांगितलं. मिनाज ओढणी तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आकडा विचारणंच बंद केलं. पट्टी हळूहळू तापणार, दुखायला लागलं की लगेच बटण दाबायचं. किती तापली ते बाईला दिसणार नाही. तुलनेसाठी मिरची न खुडणाऱ्या बायाही हव्या होत्या. पहिली बसली कमलबाई. पट्टी जरा कोमट झाली असेल नसेल, तिनं बटण दाबलं.

"काकू, तुमच्या घरी भाकऱ्या मालक भाजत्यात व्हय?" कडूबाईनं विचारलं.

"लई बोलती. ये, तू बस आता."

कडूबाई बसली. पट्टी तापत राहिली. ती शेजारणीशी पुतणीच्या लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होती. बऱ्याच वेळानं तिनं वाकून पाहिलं. "बाई, मशीन चालू करायची राहिली का गं?"

मशीन तोवर आपली मर्यादा गाठून आपोआप बंद झाली होती. मिनाजनं वहीत काहीतरी लिहिलं. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या ओट्यावर जेवढं हसणं झालं तेवढं पोरांच्या लग्नांतही झालं नव्हतं.

आता ती पुढच्या कामासाठी परदेशात असते. जाण्याआधी तिचा फोन आला होता, या कामावरचा लेख छापायला घेतला म्हणून. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

"बायांची नावं आली का त्यात?" त्या फोनवर मी विचारलं होतं.

"नावं घालता येत नाहीत, काका. नुसते नंबर असतात."

"मग कडूबाई कितवी?"

"तेही सांगता येत नाही."

"मग मी तिला पहिला नंबर आला म्हणून सांगतो."

"सांगा, काका."