कंसाबाहेरचे दोन

मंडळी, आज सकाळी आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली. आत मी आणि वरच्या मजल्यावरची सानिका. अकरावीत आहे, क्लासच्या केमिस्ट्रीच्या टेस्टला निघाली होती. या मार्कांवर बॅच ठरणार, आणि तिच्या बाबांनी 'वरची बॅच नक्की' असं सोसायटीभर सांगून ठेवलंय.

मी बेलकडे हात नेला.

"काकू, थांबा ना जरा."

"घाबरलीस?"

"लिफ्टला नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडला."

मग तिनेच मला समजावलं. एक कॅल्शियम, कंसात ऑक्सिजन आणि हायड्रोजन, कंसाबाहेर दोन. ते दोन कंसातल्या दोघांनाही लावायचे. मोलर मास चौऱ्याहत्तर.

"येतंय की गं तुला."

"इथे येतं. तिथे सर घड्याळ लावतात, मग मी दोन फक्त हायड्रोजनला लावते. अठ्ठावन्न येतात. दर वेळी तेच."

खालून वॉचमन ओरडला, "अंदर कोई है क्या?"

सानिकाने माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले. लिफ्ट सुरू झाली तोवर टेस्ट बुडाली होती.

संध्याकाळी जिन्यात तिचे बाबा भेटले. "लिफ्टने वाट लावली हो. पण सर चांगले आहेत, सोमवारी परत टेस्ट घेतायत." मागे उभी असलेली सानिका खाली बघत होती.

बाबांशी बोलू का मी? की तिने माझ्यावर टाकलेला विश्वास मोडेल त्याने? जे वाटेल ते लिहा, फक्त सोमवारच्या आत.