न वाचलेली जागा

थोरा ब्यार्नासनला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. रुग्णांच्या जनुकांतले दोष शोधणारं सॉफ्टवेअर विनिपेगच्या एका इस्पितळात जी टोळी बनवायची, तिची ती प्रमुख. चाचणी नीट पार पडली की बाकीचे पिरोगी खायला पळत, आणि ही बया नीट पार पडलीच कशी म्हणून पुन्हा संगणकासमोर. सगळे वैतागत, पण तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

कॉर्नेलिया ड्यूक नावाच्या एका रुग्णाच्या अहवालाने तिच्या डोक्यात असाच किडा सोडला. कॉर्नेलियाच्या बहिणीला कर्करोग झालेला, जनुकातला दोषही सापडलेला. कॉर्नेलियाच्या अहवालात मात्र ‘दोष नाही’. कर्करोग होऊच नये म्हणून ठरलेली शस्त्रक्रिया बाईने आनंदाने रद्द केली. एका बहिणीतली खोट दुसरीत असतेच असं नाही, तरी थोराने कॉर्नेलियाच्या जनुकातली नेमकी ती जागा उघडून पाहिली. यंत्राने तिथलं एक अक्षरही वाचलं नव्हतं. सॉफ्टवेअर निरोगी जनुकापेक्षा फरक दिसला तरच नोंदवायचं. जिथे वाचलंच नाही, तिथे फरक कसला दिसणार? कोरी जागा निरोगी ठरली होती, आणि हा नियम थोराच्याच टोळीचा.

अहवालांवर सही डॉ. मेल्निकची. तिने त्याला जिन्यातच गाठलं. कॉर्नेलियाची तपासणी पुन्हा कर, म्हणाली, आणि यापुढे ‘ही जागा वाचता आली नाही’ असं अहवालात ठळक छापायचं. तपासणीला तो लगेच तयार झाला, वाक्याला नाही.

“अगं, असलं वाचून माणसं घाबरतील.”

“घाबरू देत की. जिवंत राहून घाबरू देत.”

“तुला त्यांच्याशी बोलावं लागत नाही, म्हणून सोपं वाटतं.”

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. निकाल येईपर्यंत हाडं गोठवणाऱ्या थंडीत टोपीही न घालता ती गाड्यांच्या आवारात फेऱ्या मारत राही.

शेवटी मेल्निक स्वतः तिच्या खोलीत आला. दोष तिथेच होता. शस्त्रक्रिया पुन्हा ठरली होती. कॉर्नेलिया आधी खूप रडली, मग तिने थोराचे आभार मानले, असं तो म्हणाला.

“वाचली ती. आता तरी घरी जाऊन झोप.”

थोरा उभीच होती. “आणि बाकीचे?”

“कोण बाकीचे?”

“ज्यांना आपण ‘दोष नाही’ सांगून घरी पाठवलं ते.”

मेल्निकने कोट काढला आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढली.