पाडव्याचा विडा

"नीट धर रं त्यो विडा. पान सांडलं तर जिभेनं उचलायला लावीन," मालक म्हणाला. अंगणातली माणसं हसली. माझा सासरा बोडक्या डोक्यानं उभा होता. पागोटं त्याला पायरीवर काढून ठेवायला लावलं होतं.

निजामाचं राज्य होतं. हिंगोलीजवळच्या पुसेगावच्या बाजूला आमच्या गावात रीत अशी, की पाडव्याला मालक ज्याला विडा देईल त्या कुळानं वर्षभर शेत कसायचं. त्या साली आमच्या शेताचा विडा त्यानं सासऱ्याच्याच हातानं दुसऱ्याला द्यायला लावला. का? तर मी मालकाच्या वाड्यावर वेठीला गेले नाही. नवरा पटकीनं गेलेला, मी ओली बाळंतीण. एवढाच गुन्हा.

"आपल्या हातानं देल्लं, सूनबाई. आता हक्क न्हाई राहिला," घरी येऊन सासरा म्हणाला. मला त्याचाच संताप आला. पिढ्यान् पिढ्या दगड वेचून केलेली जमीन एका पानानं जाते?

लेकरू पाठीशी बांधून हिंगोलीला चालत गेले. कुळांची बाजू घेणारा एक वकील तिथं होता. तो म्हणाला, "कायदा विडा विचारत नाही, बाई. शेत कोण कसतं ते विचारतो. मी अर्ज लावतो. तुम्ही ताबा सोडू नका."

ताबा. हा शब्द घोकतच परत आले, आणि सासऱ्याला घेऊन शेतातच खोप घालून राहिले.

मिरगाच्या तोंडावर मालक गडी घेऊन शेतात आला. आमची खोप मोडली. चुलीवरच्या भाकरी कुत्र्यांना टाकल्या. "विचार म्हाताऱ्याला, देल्लं का न्हाई?" सासरा खाली मान घालून म्हणाला, "देल्लं, मालक."

"त्यायनं देल्लं आसंल," मी म्हणाले. "म्या न्हाई देल्लं."

बाईनं औताला हात लावू नये, हीसुद्धा रीतच. मी लेकरू सासऱ्याच्या मांडीवर टाकलं, बैल जुंपले आणि वखर धरला. पाठीवर मालकाचा आसूड बसला. दुसरा बसला. लुगडं फाटलं. बांधावर गाव उभं होतं, एक जण पुढं आला नाही. मी रडले, पण बैल थांबवले नाहीत.

वखराचं तास बांधापाशी संपलं, तिथं वळून मालकाला सांगितलं, "कचेरीत काय व्हायचं ते होऊ दे. माझ्या पायानं मी इथून जायाची न्हाई. न्यायचंच आसंल, तर मढं उचलून न्या."

आणि पुढचं तास धरलं.