मीनलची स्पॅनिश रेड

मीनल आज सकाळी गेली.

सगळ्यांचे फोन येतायत. बोलायला जमत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

शाळेपासूनची माझी मैत्रीण. दिंडोरीजवळच्या एका वायनरीत वाइनमेकर. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणींच्या हातात पहिला ग्लास तिनेच दिला, आणि "अगं, सरबत नाहीये ते!" म्हणून ओरडलीसुद्धा तीच.

मग मेंदूत गाठ निघाली.
ऑपरेशन झालं, आणि तिला वास येणंच बंद झालं.

कॉफी नाही. फोडणी नाही. लेकीचे केससुद्धा नाहीत.

"लोकांना वाटतं, वाइन जिभेला कळते," ती एकदा म्हणाली. "सगळी नाकात असते गं."

तिच्याकडे स्पेनमधली एक जुनी रेड वाइन होती, तिथल्या रिओहा भागातली. शिकायला गेली होती, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या वाइनमेकरने निघताना दिलेली. खूप वर्षं जपलेली.

गेल्या महिन्यात एका दुपारी मला बोलावून म्हणाली, "आज ती उघडायची."

तिचा नवरा सचिन म्हणाला, "बरी झालीस की उघडू ना."

"कधी रे?"

तो ओपनर आणायला आत गेला.

बूच मध्येच तुटलं. शेवटी चहाच्या गाळणीतून गाळून घेतली.

मीनलने ग्लास खिडकीकडे धरला. "कडेला विटकरी झालीये बघ. वय दिसतंय." बऱ्याच दिवसांनी तिचा तो कामातला आवाज ऐकला.

मग ग्लास माझ्याकडे दिला. "तू सांग."

"छान आहे."

"छान हा वास नसतो. नीट सांग."

मी डोळे मिटले. "मनुका. जुनं लाकूड. आणि... तुझ्या बाबांचा तंबाखूचा डबा."

"पितळी?"

"हो. तोच."

तिने ग्लास माझ्या हातातून ओढून घेतला. नाकाशी नेला. कितीतरी वेळ तसाच धरून बसली.

"येत नाहीये. डबा दिसतोय मला. बाबांचा हात दिसतोय. त्याचा वास कसा होता, तेच आठवत नाहीये गं."

एक घोट घेतला. "आंबट आहे. तुरटपणा मऊ झालाय." आणि ग्लास लांब सरकवला. "बास. तुम्ही प्या."

"मीनल, राहू दे ना आता."

"प्या म्हटलं ना! उघडलेली टिकत नाही ती."

आम्ही प्यायलो. सचिन रडत होता आणि पीत होता.

इतकं सुंदर काही मी आयुष्यात चाखलं नव्हतं. थोड्या वेळाने तर ती आणखी खुलली, गोडसर झाली. मला ती आवडत होती, आणि आवडतेय याचाच राग येत होता.

मीनल आमच्या तोंडाकडे बघत होती.

"आवडली?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलले असते, तर तिला कळलं असतं.

ती भिंतीकडे वळून झोपली.

त्यानंतर तिने वाइनचा विषय काढला नाही. मीही नाही.

मीनल, ती वाइन तुलाच मिळायला हवी होती.

जा गं. सांभाळून जा.